ग्रेट डेन आणताय? आधी गाडीत पेट्रोल आहे का बघा

मुलाने पुण्याहून पिल्लू आणलं तेव्हा ते आंब्याच्या करंडीत मावायचं, म्हणून नाव पडलं बारक्या. आता सात वर्षांचा आहे आणि काजू बी तोलायच्या काट्यावर ६२ किलो भरतो. वेंगुर्ल्यात अजूनही कोणी नवीन माणूस फाटकातच थबकतं, ‘वयनी, ह्यो कुत्रो काय घोडो?’

नावात ‘डेन’ असलं तरी जात जर्मनीची. नर खांद्यापाशी निदान ८० सेंटीमीटर भरायला हवा. रानडुकराच्या शिकारीसाठी ही जात तयार केली म्हणे. आमच्या बागेत डुक्कर शिरलं की हा माझ्या मागे येऊन उभा राहतो. भुंकणं भारदस्त, पण जरा आवाज चढवला की दुपारभर तोंड पाडून बसेल. लाडात आला की माणसाच्या मांडीला सगळा भार टाकून रेलतो. सासूबाई एकदा त्यापायी खुर्चीसकट कलंडल्या. तेव्हा ‘बस’ म्हटलं की बसायला पिल्लू असतानाच शिकवा. पडवीत साखळीला बांधून ठेवायचा असेल तर आणूच नका. त्याला माणसं लागतात. शिवाय बिबट्याला कुत्रा किती मोठा हे कुठे कळतं?

पिल्लाला कॅल्शियमची पावडर द्या, असं निम्मा गाव सांगेल. देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाणं मिळतं, त्यात ते बेतून घातलेलं असतं. वरून दिलं तर हाडं नि सांधे बिघडतात. पिल्लू गुटगुटीत दिसायची हौस सोडा, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत जिने आणि उड्या नकोत. गुळगुळीत लादीवर पाय फाकतात, म्हणून आम्ही काथ्याची पायपुसणी टाकली. जांभ्यावर बसून कोपरांना घट्टे पडले, तेव्हा जुनी गोधडी चौपदरी करून दिली.

आता मुख्य गोष्ट. या कुत्र्यांची छाती खोल असते. जठरात हवा भरते आणि कधी ते पिळा घातल्यासारखं स्वतःभोवती फिरतं. रक्त अडतं, आणि काही तासांत कुत्रा जातो. बारक्या चार वर्षांचा होता, जूनची रात्र, पाऊस कोसळत होता. जेवण झाल्यावर सारख्या येरझाऱ्या घालायला लागला. ओकारीचा आवाज काढी, पण फेसाशिवाय काही पडेना. मला वाटलं वारा धरला असेल, म्हणून ओव्याचं पाणी पाजलं. त्यात पाऊण तास घालवला. मग पोटावर टिचकी मारली तर ढोलासारखं वाजलं. डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, ‘काही पाजू नका, गोव्याला निघा.’ तिथे पोट उघडून पीळ सोडवला आणि परत फिरू नये म्हणून जठर आतून पोटाच्या भिंतीला शिवलं. हेच शिवण आधीच, नसबंदीच्या वेळी करून घेता येतं. मला ते तेव्हा माहीत असतं तर ती रात्र टळली असती.

तेव्हापासून जेवण दिवसातून तीनदा, थोडं थोडं. ताटात एक मोठा गोटा ठेवते, म्हणजे त्याच्या भोवतीने हळूहळू खावं लागतं. जेवणाआधी आणि नंतर तासभर धावणं बंद. भात-मासे आवडतात, पण काटे काढूनच.

बाकी आपल्या हवेचं. मे महिन्यात फिरणं पहाटे आणि दिवेलागणीनंतरच. पावसाळ्यात पायाच्या बोटांमध्ये ओल राहू देऊ नका, रोज बोटांनी चाचपून गोचीड बघा, आणि लेप्टोची लस दरवर्षी चुकवू नका. शेपटी भिंतीवर आपटून टोक फुटतं, त्यावर पट्टी टिकवणं हा वेगळाच उद्योग.

आयुष्य सात ते दहा वर्षं. या जातीत हृदय मोठं होऊन थकायचा आजार आढळतो, तेव्हा चार वर्षांनंतर दरवर्षी हृदय तपासून घ्या. खोकला, धाप किंवा चालताना मध्येच बसणं दिसलं तर लगेच.

आणि पडवीच्या खुंटीला एक जाड ताडपत्री टांगून ठेवा. ६२ किलोचा कुत्रा दोघांना उचलून गाडीत घालता येत नाही. ताडपत्रीत घेऊन चौघांना येतो. त्या रात्री आम्ही दोघं होतो, उरलेले दोघे शेजाऱ्यांना उठवून आणावे लागले.