दुखापतीनंतर पुन्हा धावायला कसं लागावं: वही, सोबती आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ

हौशी धावणारे दुखापतीतून उठतात, जोमाने सराव सुरू करतात आणि महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या म्हणत तीच पोटरी, तोच गुडघा धरून बसतात. दोष बहुतेक वेळा बुटांवर जातो किंवा वयावर. माझ्या मते मूळ कारण वेगळं आहे. विश्रांतीनंतर दम लवकर परत येतो, हाडं आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) मात्र सावकाश तयार होतात. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मुरलेल्या खेळाडूंनी २१ दिवस सराव पूर्ण बंद ठेवला तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांनी ती १६ टक्के खाली येऊन थांबली. म्हणजे ‘सगळी मेहनत पाण्यात गेली’ असं जे वाटतं ते खरं नसतं, आणि गेलेला दम सरावाला लागताच परतूही लागतो. इथेच फसगत होते. एक किलोमीटर धावायला साधारण हजार पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. छाती म्हणते अजून जाऊ, पण नडगीची अजून तयारी नसते.

म्हणून पुढची सगळी पद्धत एका गोष्टीवर बेतली आहे. आज किती धावायचं हे कालच्या धावण्यानंतर आज सकाळी पाय कसा आहे त्यावरून ठरवायचं. त्यासाठी एक वही लागते आणि खरं ऐकून घेणारी दोन-तीन माणसं.

पहिली पायरी: दुखणं कुठलं ते ओळखा

‘पाय दुखतोय’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. झोपेतून उठून पहिली चार पावलं टाकताना टाचेखाली कळ येते आणि थोडं चालल्यावर कमी होते, हे तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं, प्लांटर फॅसिआयटिस. टाचेच्या वर, मागच्या जाड कंडरेत सकाळी ताठरपणा जाणवतो तो अकिलीसचा. गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतं, जिना उतरताना आणि बराच वेळ बसून उठताना वाढतं, त्याला धावणारे ‘रनर्स नी’ म्हणतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठरावीक अंतर झालं की हमखास सुरू होणारी कळ बहुधा आयटी बँडची (मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत येणारा पट्टा) असते. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेलं दुखणं म्हणजे शिन स्प्लिंट.

शिन स्प्लिंट आणि हाडाला ताणाने पडलेली बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, यांत गल्लत करू नका. चिरेचं दुखणं बोटाच्या टोकाने दाखवता येतं, एकाच जागी. ते धावताना ओसरण्याऐवजी वाढत जातं, पुढे साधं चालतानाही होतं आणि रात्री पडल्यावरही ठणकतं. अशी शंका आली तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. जांघेत खोलवर दुखत असेल तर अजिबात वाट पाहू नका. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असू शकते, आणि ती धावत राहिल्याने पूर्ण मोडू शकते. सांधा सुजणं, गुडघा अडकणं, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा, ताप यांपैकी काहीही असलं तरी घरगुती उपाय बाजूला ठेवा.

आणखी एक खूण फारच कमी बोलली जाते. सराव वाढल्यावर एखाद्या धावणारीची पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर ‘व्यायामाने होतंच’ म्हणून सोडून देऊ नये. खर्चाच्या मानाने खाणं कमी पडत असल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि त्यात हाडं कमकुवत होतात. वारंवार चिरा पडणाऱ्या पुरुषांनीही आपण पुरेसं खातो का, हे तपासावं.

दुसरी पायरी: वही उघडा

घड्याळ अंतर, वेग, ठोके सगळं नोंदवतं. पाय काय म्हणतो ते नोंदवत नाही. म्हणून कागदाची साधी वही घ्या, किंवा फोनवरचं टिपण चालेल. प्रत्येक सरावाला इतकंच लिहायचं: किती मिनिटं, किती कष्ट वाटले (० ते १०), धावताना दुखणं किती (० ते १०), आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर दुखणं किती. झोप खूप कमी झाली असेल तर तेही.

मिनिटं आणि कष्टाचा आकडा यांचा गुणाकार केला की त्या दिवसाचा भार मिळतो. ही पद्धत कार्ल फॉस्टर या अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञाने रुजवली आणि ती मोठ्या संघांतही वापरतात. ४० मिनिटं अगदी सहज, कष्ट ३, म्हणजे १२०. २५ मिनिटं जोर लावून, कष्ट ८, म्हणजे २००. कमी वेळ धावूनही दुसऱ्या दिवशी पाय का भरून आले याचं उत्तर अनेकदा या गुणाकारात सापडतं.

चौथा रकाना, सकाळचा, कधीही रिकामा सोडू नका. धावताना शरीर तापलेलं असतं, मन उत्साहात असतं आणि कंडरेचं दुखणं तर मध्यावर चक्क नाहीसं होतं. सकाळी मात्र पाय खरं सांगतो. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांचा हा रकाना खोटा ठरतो, म्हणून ती सवय सोडाच. शिवाय लांब पल्ल्यात, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो.

तिसरी पायरी: थांबलेल्या दिवसांत काय करायचं

पूर्ण विश्रांती आणि बर्फ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी, पाय उंच ठेवणं या चौकडीला १९७८ साली ‘राइस’ (RICE) हे नाव दिलं ते अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी, आणि पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येणं उलट लांबू शकतं. ताज्या मुरगळीत वेदना कमी करायला थोडा वेळ बर्फ लावणं वेगळं, आणि आठवडेच्या आठवडे पाय उशीवर ठेवून बसणं वेगळं.

कंडरेला तर भार हवाच असतो. स्वीडनचे अस्थितज्ज्ञ हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली अकिलीस दुखणाऱ्या १५ हौशी खेळाडूंना एक व्यायाम दिला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहायचं, चांगल्या पायाच्या जोरावर वर उठायचं आणि दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. १५ वेळा, असे ३ संच, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. ते सगळे पूर्वीइतकं धावू लागले. प्रत्येकाला इतका चांगला गुण येतोच असं नाही, आणि दुखणं अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली इतकी नेऊ नये. तरीही आठवड्यांच्या हिशेबाने, कंटाळवाण्या चिकाटीने कंडरा सुधारते, हे पक्कं लक्षात ठेवा. स्ट्रेस फ्रॅक्चरला मात्र हे लागू नाही. तिथे आधी भार कमी करावाच लागतो.

दम राखण्यासाठी सायकल, पोहणं किंवा कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात धावणं चालतं. धावणाऱ्याला ही दुधाची तहान ताकावर भागवल्यासारखी वाटते, हे मान्य. पण ज्यांनी हा काळ असा काढला त्यांना परतताना छातीची काळजी करावी लागत नाही आणि सगळं लक्ष पायाकडे देता येतं.

थांबलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त टोचतं ते आपल्या सोबत्यांपासून तुटणं. पॉल सिंटन-ह्यूइट यांचं तेच झालं होतं. दुखापतीमुळे धावता येत नव्हतं आणि धावणारे मित्र तर हवे होते. म्हणून २ ऑक्टोबर २००४ रोजी त्यांनी लंडनच्या बुशी पार्कमध्ये ५ किलोमीटरचं मोफत धावणं भरवलं. १३ जण धावले आणि ते स्वतः घड्याळ धरून उभे राहिले. त्यातूनच आजची जगभर पसरलेली पार्करन उभी राहिली. तुमच्या गटातही वेळ नोंदवणारा, पाणी देणारा, नवख्यांसोबत चालणारा माणूस लागतोच. धावता येत नसताना ते काम मागून घ्या.

चौथी पायरी: चालत परत या

सलग ३० मिनिटं भरभर चालून दुसऱ्या सकाळी दुखणं वाढत नसेल, आणि हे काही दिवस टिकलं असेल, तरच धावण्याचा विचार करा. हाडाची दुखापत असेल तर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच.

सुरुवात १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा. सपाट जमिनीवर, पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल इतक्या संथ गतीने आणि एक दिवसाआड. दोन सराव शांत गेले, म्हणजे दोन्ही सकाळी आकडा वाढला नाही, की २ मिनिटं धावणं आणि २ चालणं. मग ३ आणि १, मग ५ आणि १, आणि असं करत सलग २०, मग ३० मिनिटं. मध्ये चालण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी जेफ गॅलोवे यांचं उदाहरण पाहावं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते १० हजार मीटर धावले आणि त्यानंतर आयुष्यभर सामान्य माणसांना धावत-चालत पल्ले गाठायला शिकवत राहिले.

दुखण्याचा नियम असा. कंडरेचं किंवा वाटीचं दुखणं धावताना १० पैकी ३ पर्यंत असेल, चाल बदलत नसेल आणि सकाळपर्यंत आधीच्या पातळीवर येत असेल, तर पुढे जा. सकाळी आकडा वाढला असेल तर एक-दोन दिवस थांबा आणि एक टप्पा मागे या. दोनदा मागे यावं लागलं तर फिजिओला वही दाखवा. लंगडत असाल तर तिथेच थांबून चालत घरी या, मग आकडा काहीही असो. हाडाच्या दुखापतीत मर्यादा ३ ची नसते, शून्याची असते.

सलग धावणं जमल्यावर अंतर किती वाढवायचं? ‘आठवड्याला १० टक्के’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण २००८ साली नेदरलँड्समध्ये ५३२ नवशिक्यांवर ते तपासलं गेलं. १३ आठवडे अशी हळू चढण घेणाऱ्या गटात आणि ८ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम करणाऱ्या गटात, दोन्हीकडे साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून जास्त धावणाऱ्यांच्या अभ्यासाने लक्ष दुसरीकडे वळवलं. गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव १० टक्क्यांहून जास्त लांबली, की धोका वाढत होता. आठवड्याच्या बेरजेने हे दिसत नव्हतं. मला हे फार उपयोगी वाटतं, कारण घात होतो तो एखाद्या रविवारीच. महिन्यातली सर्वांत लांब धाव ८ किलोमीटर असेल, तर हवा छान आहे आणि सगळे पुढे चाललेत म्हणून १२ करू नका. पावणेनऊला थांबा.

वेग आणि चढ सर्वांत शेवटी, आणि दोन्ही एकदम वाढवू नका. बुटांबद्दल इतकंच, की पायाला आरामदायी वाटतात ते घ्या आणि नवे व जुने काही दिवस आलटून-पालटून वापरा.

पाचवी पायरी: काय सांगायचं, कुणाला सांगायचं

अंतर आणि वेगाचे आकडे सगळ्यांना दाखवले जातात, दुखण्याचा आकडा कुणालाच नाही. त्यामुळे बाकी सगळे मजेत वाढताहेत आणि मीच मागे पडलोय, असं प्रत्येकाला वाटत राहतं. दोन-तीन जणांशी ठरवून घ्या की निरोपात किती मिनिटं, धावताना दुखणं किती आणि सकाळी किती, या तिन्ही गोष्टी येतील. उदाहरणार्थ: ‘आज २४ मिनिटं, त्यातली ८ धावलो. टाच २. सकाळचं उद्या कळवतो.’ समोरच्याने सकाळी विचारायचं, ‘टाच किती?’ इतकं पुरतं. ‘परत कधी येतोयस?’ हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असला तरी तो माणसाला आठवडाभर आधी बूट बांधायला लावतो. स्वतःचा गुडघा कशाने बरा झाला हे विचारल्याशिवाय सांगू नका. समोरच्याचं दुखणं वेगळं असू शकतं.

मध्येच सोडून दिलेला सरावही कळवा, आणि कुणी तसं कळवलं तर ‘बरं केलंस’ म्हणा. वेळेवर थांबणं हे कौशल्य आहे आणि त्याचं कौतुक झालं की ते टिकतं. ॲपवरच्या क्रमवाऱ्या अस्वस्थ करत असतील तर परतीचे हे आठवडे धावांची नोंद फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवा. तुलना करायचीच झाली तर वहीतल्या चार आठवड्यांपूर्वीच्या पानाशी करा.

सलग ३० मिनिटं, शांत सकाळींसह, निदान चार आठवडे जमली की मग शर्यतीचं नाव नोंदवा, आणि तीही छोट्या पल्ल्याची. तुमच्यापेक्षा संथ धावणारा सोबती निवडा. कितीच्या वर दुखलं तर थांबायचं हा आकडा आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवा. अर्ध्या पल्ल्यावर त्याने तो विचारायचा, आणि तुम्ही खरा सांगायचा.