चेतकच्या वायरी बदलताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबाग, लोकमान्यनगरकडे अजून एखाद्या मराठी घरापुढे जुनी चेतक उभी दिसते. १९७२ साली आलेली ही स्कूटर बजाजने २०००च्या दशकात बंद केली. (२०२० पासूनची त्याच नावाची गाडी विजेवर चालते, तिला गिअरच नाहीत.) जुन्या चेतकच्या हँडलमधून क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, पुढचा ब्रेक आणि दोन गिअरवायरी निघतात. एक तुटली की इंदूरचा मेकॅनिक म्हणणार, "भिया, पाँचों बदलवा लो." ऐकू नका. आउटर, म्हणजे तारेवरचं बाहेरचं वेष्टन, धड असेल, तर फक्त आतली तार बदलून भागतं.

आउटर फाटली असेल, तर सरळ ओढून काढू नका. एकदा वाट मोकळी झाली की नवीन आउटर चेसिसच्या आत भलतीकडेच जाते आणि अर्धा दिवस मोडतो. जुन्या आणि नव्या आउटरची तोंडं समोरासमोर आणा, दोन्हींतून एकच तार ओवा आणि जोडावर टेपचे एक-दोनच वेढे द्या. जाड गुंडाळली तर वळणावर अडकते. मग एकाने ओढायचं, दुसऱ्याने हळूहळू आत सोडायचं.

खरा घोळ गिअरवायरींचा. तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून गिअरची मूठ एका बाजूला फिरवायला एक वायर आणि उलट बाजूला दुसरी. खाली त्यांची अदलाबदल झाली, तर पहिला टाकायला जाल आणि गिअर उलटीकडे सरकेल. काढण्याआधीच एकीला रंगीत टेप लावून ठेवा.

जोडतानाही इंजिन आणि मूठ दोन्ही न्यूट्रलमध्ये हवीत. पुष्कळ जण एक वायर आधी कचकचीत आवळतात, मग दुसरी. त्याने न्यूट्रलची खूणच सरकते आणि दुसरा गिअर नीट बसत नाही. दोन्हींची ढील थोडी थोडी, आळीपाळीने काढा. मूठ लटपटता कामा नये, पण जडही लागू नये.

क्लचवायर मात्र अगदी ताठ ठेवायची नसते. लिव्हरला सुरुवातीची किंचित ढील नसेल, तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो. मग बिजासन टेकडीच्या चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. ही वायर बहुधा टोकाच्या घुंडीपाशी तुटते, कारण गिअर बदलताना लिव्हरही मुठीबरोबर फिरते. लिव्हर खरखरीत लागू लागली की एकेक धागा सुटतोय असं समजा.

बोथट पक्कडीने तार कापली की टोक केरसुणीसारखं फुलतं आणि आउटरमध्ये शिरत नाही. कापायच्या जागी तार आधी झाळून (सोल्डर करून) घ्या किंवा धारदार कटर वापरा, आणि सेटिंग पक्कं होईपर्यंत दोनेक इंच तार जास्तच राहू द्या.

शेवटी गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. वळवताना आवाज वाढला, तर अ‍ॅक्सिलरेटरची आउटर कुठेतरी ताणली किंवा दबली आहे. तशी गाडी रस्त्यावर काढू नका.

एवढं करूनही गिअर उडतच (आपोआप सुटतच) असेल, तर वायरीला दोष देऊ नका. गिअरबॉक्समधल्या क्रॉसचे (गिअर पकडून ठेवणाऱ्या फुलीच्या आकाराच्या भागाचे) कोपरे झिजले असणार, आणि त्यासाठी इंजिन उतरवावं लागतं.