बाहेरगावी गेलेल्या पोरीले 'मारते का तो?' एवढंच नका विचारू

आमच्या यवतमाळकडच्या गावातून बारावी झाली का पोरी पुण्याले, चाकणले कंपनीत जातात, रूम करून राहतात, तिकडं कोणाशी जुळते अन् इकडं घरी पत्ता नसते. मंग त्रास सुरू झाला तर सांगणार कोणाले? माझ्या मावसबहिणीचं असंच झालं म्हणून लिहून राहिली.

आपल्याकडं छळ म्हटलं का हुंडा नाहीतर मारहाण. मी बी फोनवर तिले हेच विचारलं, 'मारते का तो?' ती म्हणे नाही, मी म्हटलं मंग बरं हाये. अन् तो तिचा पगार झाल्याबरोबर पैसे आपल्या खात्यात टाकून घेत होता, घडीघडी व्हिडिओ कॉल करून रूमवर कोण हाये ते दाखवाले लावे, वरून 'फोटो गावच्या ग्रुपवर टाकीन' ही धमकी.

म्हणून असं विचारा, एटीएम कार्ड कोणाजवळ असते, फोन कोण पाहते, मैत्रिणीकडं गेली तर तो काय म्हणते, नाही म्हणाले भेव वाटते का. तो बाजूले असू शकते, म्हणून एक खुणेचं वाक्य ठरवा. आमचं होतं 'तूर निघाली का?', ती असं बोलली का मी शेतीच्याच गोष्टी करू.

'ये घरी, बस झाली नोकरी' हे तर तोंडातून काढूच नका. पोरी याच भेवानं लपवतात, सांगितलं का नोकरी बंद अन् महिनाभरात पाव्हणे पाहाले हजर. पोरगा कोणत्या जातीचा, हे बी आता नका विचारू.

धमकीचे मेसेज मिटवू नये, स्क्रीनशॉट तुमच्याकडं ठेवा. संबंध तोडताना एकटीनं भेटाले जाऊ नये, तेव्हाच धोका जास्त असते.

2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त लग्न झालेल्याईसाठी नाही, नवराबायकोसारखे एका घरात राहत असले तरी लागू होऊ शकते, पैसे हिसकणं अन् शिवीगाळ बी त्यात येते. पोरगी गावी आली असन तर अर्ज इकडच्या कोर्टात चालते. वेगळे राहत असतील तर पाठलाग, धमकी, फोटो याची तक्रार पोलिसात, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतलेली तक्रार, कोणत्याही ठाण्यात होते. महिला हेल्पलाइन 181, तातडीनं 112, अठराच्या खालची असन तर 1098. जिल्ह्याले त्रासातल्या बायांच्या मदतीसाठी सरकारी सखी सेंटर हाये, फुकट वकिलासाठी 15100.

माझ्या बहिणीनं रूम बदलली, पिन बदलला, कंपनी तीच ठेवली. मावशीले एवढंच माहीत हाये का जुनी रूम दूर पडत होती.