जुन्या ॲम्बॅसडरचं अडकणारं बॉनेट लॉक: घरच्या घरी कसं ठीक करावं

नॉब ओढला तरी बॉनेट जागचं हलत नाही, नाहीतर बंद करताना दोन-तीनदा आपटावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ज्यांच्या दारात अजून ॲम्बॅसडर उभी आहे त्यांना ही दोन्ही दुखणी ओळखीची असतील. उन्हाळाभर लाल धूळ लॉकमध्ये जाऊन बसते, मग खानापूरच्या बाजूचा पाऊस तिचा चिखल करतो. त्यात जुनं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालेलं. बहुतेक लॉक एवढ्यानेच अडकतात. तरी माणूस आधी पाना घेतो आणि पिनेचा नट फिरवतो. पिनेला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

आधी लॉक कसं चालतं ते पाहू. बॉनेटच्या खालच्या अंगाला, नाकाशी, स्प्रिंग घातलेली एक पिन लोंबते. रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर एक सरकती पट्टी असते. पिन खाली आली की पट्टी बाजूला सरते आणि आपल्या स्प्रिंगने परत येऊन पिनेच्या खाचेत बसते. आतून नॉब ओढला की केबल पट्टीला मागे खेचते, मोठी स्प्रिंग बॉनेट थोडं उचलते आणि सेफ्टी हुक त्याला तिथेच धरून ठेवतो. जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या बऱ्याच गाड्यांचं असंच असतं. स्टँडर्ड हेराल्ड मात्र सोडून द्या. तिचं सगळं पुढचं अंगच पुढे उलटतं, कड्या दोन्ही बाजूंना असतात, तिचा हिशेब निराळा.

बॉनेट बंदच अडकलं असेल तर नॉबवर जोर काढू नका, केबल तुटेल. एकाला बाहेर उभं करून पिनेच्या वरच बॉनेट तळहाताने खाली दाबायला सांगा आणि तेवढ्यात आतून नॉब ओढा. पट्टीवरचा ताण गेला की बहुधा सुटतं. केबल नॉबपाशी तुटली असेल तर आतल्या तारेचं टोक पक्कडीत धरून ओढता येतं.

उघडल्यावर बॉनेटचा आधार पक्का आहे ना ते बघा आणि इंजिन थंड होऊ द्या. आता स्क्रू ड्रायव्हरने सरकती पट्टी बाजूला दाबा आणि सोडा. ती 'खट्' करून परत आली पाहिजे. रेंगाळत येत असेल तर पट्टीवरचा केबलचा छोटा स्क्रू सैल करून केबल सोडवा आणि पुन्हा दाबून बघा. केबलशिवाय चटकन परतली तर दोष केबलचा, नाही परतली तर लॉकचा. या एका चाचणीने अर्धं काम आटोपतं. गॅरेजात ही कोणी करत नाही, थेट हातोडी घेतात.

लॉक दोषी असेल तर डिझेल आणि जुना टूथब्रश घ्या. खाली फडकं अंथरा, रंगावर आणि रबरी पाइपांवर डिझेल सांडू देऊ नका, जवळ विडी-काडी नको. काळा चिखल निघेपर्यंत घासा, मग कोरडं पुसा. डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारून गाडी लगेच बाहेर काढणारे खूप आहेत. अडकलेलं सोडवायला तो चांगला, पण टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर भरवसा नको. साफ केल्यावर इंजिन ऑईलचे दोन थेंब सरकत्या भागात आणि पिनेच्या टोकाला ग्रीसचा पातळ हात, बस्स. जास्त थापलं की पुन्हा धूळ ओढतं. धुतल्यावरही पट्टी मंद असेल तर तिची स्प्रिंग मेली, ती बदला.

दोष केबलचा असेल तर वरचं टोक उंच धरा, प्लॅस्टिकच्या तुकड्याची नरसाळी बांधा आणि तेल थेंब-थेंब सोडून रात्रभर मुरू द्या. तार विस्कटली असेल किंवा कव्हर कुठे मोडलं असेल तर तेलाचा उपयोग नाही, नवी टाका. जोडताना तार किंचित सैल ठेवा. ताणून बसवली की पट्टी पूर्ण परतत नाही. बॉनेट बंद दिसतं, पण पिन अर्धवट धरलेली असते, आणि धोका तिथेच आहे.

आता जुळवणी. लॉकचे आणि बिजागरीचे बोल्ट सैल करण्याआधी त्यांच्याभोवती मार्करने रेघ मारून ठेवा. बॉनेट आणि मडगार्डमधली फट दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर आधी बिजागरी सरळ करा, मग पिन भोकाच्या मध्यावर येईल असं लॉक सरकवा. पिनेच्या एका बाजूला घासल्याची चमक दिसते, त्यावरून कुठे सरकवायचं ते कळतं.

सगळ्यात शेवटी पिन. तिचा चेकनट, म्हणजे तिला जागेवर आवळून धरणारा नट, सैल करा आणि पिन स्क्रू ड्रायव्हरने अर्धा-अर्धा आटा फिरवा. इथले मिस्त्री म्हणतात तसं 'स्वल्प, स्वल्प'. पिन आत घेतली, म्हणजे आखूड केली, की बॉनेट जास्त खाली खेचलं जातं आणि बंद करायला जोर लागतो. बाहेर काढली की सहज बसतं, पण फार काढली तर चालत्या गाडीत खडखडतं. रबरी बफर झिजलेले असतील तर आधी ते बदला, नाहीतर पिनेचं माप कधीच जुळणार नाही.

गाडीचा मूळ आराखडा मॉरिस ऑक्सफर्ड या ब्रिटिश गाडीचा, त्यामुळे जुन्या गाड्यांत बरेच नट इंची मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि नटाचे कोपरे खातो. ॲम्बॅसडर बनवणारा बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद झाला, तेव्हा पिन पार झिजली असेल तर जुनी नमुन्याला घेऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत जा. लेथवाल्यांची तिथे वाण नाही.

चेकनट आवळून बॉनेट बंद करण्याआधी पट्टी हाताने दाबून, नॉब ओढून पुन्हा बघा. सेफ्टी हुकसुद्धा स्वतंत्र तपासा: नॉब ओढल्यावर बॉनेट थोडं उचललं गेलं की हुक न सोडता वर ओढा, ते अडलंच पाहिजे. अडत नसेल तर गाडी हायवेला घेऊ नका. वेगात बॉनेट उडालं तर थेट काचेवर येतं. आधी गल्लीतल्या खड्ड्यांतून सावकाश चक्कर मारा, फट बदलली का बघा, मगच धारवाडचा रस्ता धरा.

मृगाच्या आधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा डिझेल-ब्रशचं काम करून घ्यावं. हात लागलाच आहे तर स्कूटरच्या क्लचची जुनी तार सरकत्या पट्टीला बांधून खाली, हात पोचेल अशा जागी सोडून ठेवा. केबल तुटली तर बाहेरून ओढता येईल. फक्त ती तार जाळीतून दिसू देऊ नका, नाहीतर बॅटरी दुसराच कोणी काढून नेईल.