महिनाभरात संपवलेल्या गेम्सवर लिहायचं असेल तर

महिनाअखेरीला, त्या महिन्यात संपवलेल्या व्हिडिओ गेम्सवर चार-चार ओळी लिहायची माझी सवय आता जुनी झाली. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. दिवसभर उत्पन्नाचे दाखले, आरटीसीचे (म्हणजे शेतजमिनीचे) उतारे, आधारच्या प्रती. रात्री जेवणं उरकली की दुकानातलाच जुना लॅपटॉप उघडायचा. दुकानात येणारी कॉलेजची पोरं विचारतात, हे लिहायचं कसं. प्रत्येकाला तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर सांगते.

आधी गेम निवडायची, ती तासांकडं बघून. हाऊ लाँग टू बीट नावाची साइट आहे. तिथं प्रत्येक गेमपुढं वेगवेगळे आकडे असतात: नुसती मुख्य कथा संपवायला किती तास, थोडं इकडंतिकडं फिरत खेळलं तर किती, आणि सगळे कोनेकोपरे धुंडाळले तर किती. पहिला आकडा घ्या आणि दीडपट करा. ते आकडे भरणाऱ्यांचा हात बसलेला असतो. आपण मध्येच भाताचा कुकर बघायला उठतो. शंभर तासांची गेम दुकान सांभाळून एका महिन्यात होत नाही. ओढूनताणून केलीच, तर लिहायला बसल्यावर फक्त दमणूक आठवते. मी एक आठ-दहा तासांची घेते आणि बाकीच्या दोन-चार तासांच्या. छोट्या गेम्सना महागडं मशीनही लागत नाही.

आपल्या लॅपटॉपवर चालेल का, ही शंका असेल तर स्टीम या गेम्स विकणाऱ्या साइटवरून घ्या. विकत घेऊन 14 दिवस व्हायच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. पहिल्याच रात्री अर्धा तास चालवून बघा. खरं म्हणजे दीड तासाची गेम पूर्ण संपवून मग पैसे परत मागणारेही आहेत. तसलं करू नका. यातल्या कित्येक गेम्स एकट्यादुकट्या माणसानं वर्षं घालून केलेल्या असतात.

गेम सुरू केल्यावर पहिल्यांदा बघायचं ते सेव्ह कुठं होते. आमच्याकडं पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरतीच उरलीय. काही गेम्स पावलापावलाला स्वतःच सेव्ह होतात, काहींत ठरावीक टप्पा गाठावा लागतो. जुलैत दुसऱ्या प्रकारच्या गेमला हात लावायचा तर इन्व्हर्टर हवा.

आता लिहिण्याचं. गेमची गोष्ट लिहू नका. ती कुठंही मिळते. ‘ग्राफिक्स छान, म्युझिक छान’ हेही नको. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. सिनेमा बघून आलेल्या माणसाकडं सांगायला जे नसतं, ते गेम खेळलेल्याकडं असतं: त्याच्या हातानं काहीतरी केलेलं असतं. ते लिहा. मला हे भाच्यानं शिकवलं. तो बेळगावात उद्यमबागेत इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी येतो. माझं लिहिलेलं वाचून म्हणाला, ‘‘गोष्ट सगळ्यांनाच म्हायत हाय की गं आत्ती. तू काय केलीस ते लिही की.’’

लिम्बो घ्या. डेन्मार्कच्या प्लेडेडनं 2010 साली काढलेली. काळंपांढरं रान, त्यात एक पोरगा, आणि सगळ्या गेममध्ये बोललेला शब्द एकही नाही. म्हणून इंग्रजी कच्चं असलेल्यांना मी नेहमी हीच आधी सांगते. तिची गोष्ट एका ओळीची आहे, पोरगा बहिणीला शोधतोय. पण वाटेत एक अवाढव्य कोळीकिडा आडवा येतो, त्या रात्रीची माझ्या वहीतली नोंद अशी आहे:

‘‘ज्या लोखंडी सापळ्यानं माझी मुंडी उडवली होती, तसलाच सापळा मी स्वतः ओढत नेला आणि कोळ्याच्या पायाखाली ठेवला. पाय तुटला तेव्हा बरं वाटलं. पोराला वाचवायला निघालेय की कोळ्याला मारायला?’’

एवढं पुरे. वाचणाऱ्याला गेम कसली आहे ते कळतं, आणि खेळणारीला काय झालं तेही. ही नोंद महिनाअखेरीची नाही, हे लक्षात घ्या. लॅपटॉप मिटल्या मिटल्या, झोपायच्या आधी तीन-चार ओळी खरडायच्या. हातानं काय केलं, कुठं अडकलात, शेजारी कोण होतं. सकाळपर्यंत हाताचं सगळं विसरायला होतं आणि गोष्ट तेवढी डोक्यात राहते, मग आपण पुन्हा गोष्टच लिहायला बसतो.

दुसरं, तुम्ही कोण आहात ते लिखाणात येऊ द्या. वेन्बा ही 2023 ची गेम टोरांटोच्या विसाई गेम्सनं केलेली. कॅनडात जाऊन राहिलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी पाककृतींची वही, आणि तिच्यातला पुसलेला भाग अंदाजानं भरत स्वयंपाक करायचा. सुरुवातीलाच इडली आहे. पात्रातल्या ताटल्या एकावर एक लावायच्या, त्या अशा की एका ताटलीची इडली दुसरीच्या इडलीखाली दबणार नाही आणि वाफ वरपर्यंत जाईल. भाच्यानं वाकडंतिकडं करून बघितलं, वैतागला. मी माऊस घेतला आणि लावून मोकळी झाले. आमच्या घरी रविवारी दुसरं काय असतं? त्याच्यासाठी ते कोडं होतं, माझ्यासाठी नव्हतं. दोघांनी एकाच गेमवर लिहिलं असतं तर दोन वेगळ्या गेम्स झाल्या असत्या, आणि तसंच व्हायला पाहिजे. पुढं त्या घरातला मुलगा मोठा होतो आणि त्याला आईची तमिळ वही नीट वाचता येत नाही. तिथं भाचा एकदम गप्प झाला. त्याची शाळा इंग्रजीतली, बाहेर कन्नड, घरात मराठी बोलतो. माझी वही वाचायला मात्र त्याला वेळ लागतो. हे मी नोंदीत लिहिलं. त्याला विचारून लिहिलं. ‘‘हुंदे, लिही,’’ म्हणाला. घरातल्या माणसाबद्दल लिहायचं तर विचारून लिहावं.

आता जी गेम मी सगळ्यांच्या मागं लागून खेळायला लावते, ती: पेपर्स, प्लीज. लुकास पोप नावाच्या एकट्या माणसानं केलेली, 2013 ची. साल 1982, अर्स्टोत्स्का नावाचा खोटा देश, आणि तुम्ही सीमेवरच्या नाक्यावर कागद तपासणारे. माणूस खिडकीशी येतो, पासपोर्ट सरकवतो, तुम्ही तारखा, फोटो, शिक्के जुळवून बघता आणि हिरवा किंवा तांबडा शिक्का मारता. रोज नवा नियम, रोज एक जादा कागद, टेबल मात्र तेवढंच. जितके लोक तपासाल तितके पैसे, आणि संध्याकाळी त्यातून भाडं, जेवण, घराची ऊब यांचा हिशेब. पैसे कमी पडले की आज जेवायचं की शेकोटी पेटवायची, ते तुम्हीच ठरवायचं.

भाचा म्हणाला, ‘‘दिवसभर तेच करतीस, रात्री परत तेच करूलालीस होय?’’ बरोबर आहे त्याचं. आधारवर एक नाव, उताऱ्यावर त्याच नावाचं दुसरं रूप, असल्या गोष्टी माझी नजर आपोआप पकडते, त्यामुळं सुरुवातीचे दिवस मला सोपे गेले. मग एक नवरा आला. त्याचे कागद बरोबर होते. जाताना म्हणाला, मागून बायको येतेय, तिच्याशी नीट वागा. मागची बाई आली, तिच्याकडं प्रवेशाचा परवानाच नाही. परत पाठवली तर मारतील, म्हणते. गेममध्ये रोजच्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, तिसरीपासून पैसे कापतात. त्या दिवशी माझी तोवर एकही चूक नव्हती, म्हणून बाईला आत सोडणं मला फुकट पडलं. नोंदीत मी तेच लिहिलं: मी दयाळू होते की नुसती खात्यात शिल्लक होती? दोन चुका आधीच झालेल्या असत्या तर सोडली असती का, याचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही, आणि नोंदीत खोटं उत्तर घातलं नाही. तुम्हीही घालू नका.

कोरोनाच्या काळात महाराष्ट्रातून इकडं येताना निपाणीजवळ कोगनोळीच्या नाक्यावर रिपोर्ट दाखवून पुढं जावं लागायचं. तिथं मी टेबलाच्या अलीकडं होते. गेममध्ये पलीकडं बसल्यावर पहिल्यांदा कळलं की समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघायला वेळच नसतो. नजर तारखेवरून शिक्क्यावर, शिक्क्यावरून पुढच्या माणसावर. असं काही आठवलं तर जरूर लिहा, दोन ओळींत. पण आपल्या भागातल्या माणसाला या गेमवर लिहिताना सीमाप्रश्नावर भाषण ठोकायचा मोह होतो. मी तशी लिखाणं वाचलीत. महाजन अहवाल येतो आणि गेम बाजूला राहते. ही गेम 23 नोव्हेंबरला सुरू होते, सीमाभागात काळा दिन पाळतात त्या 1 नोव्हेंबरला नाही.

हिचे वेगवेगळे 20 शेवट आहेत. मग ‘संपवली’ म्हणायचं कधी? माझा नियम साधा: श्रेयनामावली आली, म्हणजे संपली. या गेममधले काही शेवट दुसऱ्याच आठवड्यात नोकरी घालवून तुरुंगात धाडतात, ते मी धरत नाही. तुमचा नियम वेगळा असू दे, पण एकदा ठरवला की दर महिन्याला तोच ठेवा आणि लिखाणाच्या सुरुवातीला सांगून टाका.

अ शॉर्ट हाइक, 2019. क्लेअर नावाची पक्षीण, तिला एका फोनची वाट बघायचीय आणि रेंज फक्त डोंगराच्या माथ्यावर. आमच्याकडच्या रानातल्या कणकुंबी-जांबोटीकडं ज्यांचे पाहुणे आहेत त्यांना समजावून सांगायला नको. चढताना सोनेरी पिसं गोळा करायची, पिसं जास्त तितकं जास्त चढता येतं. दीड-दोन तासांत माथा गाठता येतो, पण मी खालीच मासे धरत बसले. नोंद एवढीच आहे. काही गेम्सना एवढीच नोंद शोभते. प्रत्येकीवर सारख्याच ओळी लिहायच्या हट्टानं लिखाण सरकारी अहवालासारखं दिसायला लागतं.

न आवडलेल्या गेमवर लिहिणं अवघड, आणि ती आपल्या माणसांनी केलेली असेल तर जास्तच. राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक ही 2020 ची गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची. राजस्थानी हवेल्या, झरोके, हरवलेल्या भावाला शोधणारी पोरगी, हातात त्रिशूळ, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. भिंतीवरच्या चित्रांचे तुकडे फिरवून जुळवायचे, तिथं मी मुद्दाम रेंगाळले. पण कॅमेरा आपल्या हातात नाही, त्यामुळं उडी किती लांब पडणार याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही, आणि शेवट म्हणावा तर तो मध्येच दोरी तोडल्यासारखा. पुण्याची म्हणून मी सूट दिली नाही आणि पुण्याची म्हणून जास्त ठोकलीही नाही. नावडतं लिहिताना एक पथ्य पाळा: नेमकी जागा सांगा. ‘कंटाळवाणी’ म्हणू नका. कुठल्या ठिकाणी लॅपटॉप मिटावासा वाटला ते सांगा.

गुपितं किती फोडायची? रिटर्न ऑफ द ओब्रा दिन ही 2018 ची, त्याच लुकास पोपची, या प्रश्नाची परीक्षा घेते. 1807 साली एक रिकामं जहाज बंदराला लागतं, आणि त्यावरच्या 60 जणांचं काय झालं ते विम्याच्या माणसानं शोधायचं. हातात एक घड्याळ, प्रेताजवळ उघडलं की मरणाचा क्षण गोठलेला दिसतो. नावं सहसा कुणी सांगत नाही. बोलण्याचा ढंग, कपडे, झोपायच्या झोळीवरचा आकडा, पायातले बूट यांवरून ओळखायचं. तीन जणांची उत्तरं बरोबर झाल्याशिवाय गेम बरोबर म्हणतच नाही, म्हणजे नुसते ठोकताळे चालत नाहीत. आम्ही दोघांनी मिळून खेळली, दुकानातल्या बिघडलेल्या प्रिंटांच्या पाठीमागं नावं लिहीत. ही एकदाच खेळता येणारी गेम आहे. उत्तर कळलेलं असेल तर उरत काहीच नाही. म्हणून मी कुणाचंही मरण सांगितलं नाही, फक्त झोळीखालच्या बुटांपाशी आमचं भांडण कशावरून झालं तेवढं लिहिलं. शोधायची पद्धत सांगा, सापडलेलं सांगू नका. लिम्बोसारख्या गेममध्ये थोडं फुटलं तरी बिघडत नाही.

दहापैकी गुण देऊ नका. सातला आणि साडेसातला काय फरक, ते गुण देणाऱ्यालाही पुढच्या महिन्यात सांगता येत नाही. त्यापेक्षा कुणाला सांगाल ते लिहा: माझ्या वहिनीला वेन्बा, तलाठ्याकडं खेटे घालून कंटाळलेल्या कुणालाही पेपर्स, प्लीज.

शेवटी, अर्धवट राहिलेल्या गेम्स. त्याही लिहायच्या, खाली, वेगळ्या. का सोडली ते एका ओळीत. पण कुठं सोडली ते नेमकं. कुठला टप्पा, पुढं काय करायचं ठरवलं होतं, आणि कीबोर्डच्या कुठल्या कळीनं उडी, कुठल्या कळीनं पकड. दिवाळीच्या सुट्टीत परत उघडाल तेव्हा गोष्ट आठवेल, कळा आठवणार नाहीत.