खिशात दहा चिंचोके ठेवा

“काका, नागपुरात डोंगर कुठं आहे?” दर जूनमध्ये ट्रेकिंग शिकायला येणारे नवे पोट्टे हेच विचारतात. नाहीच आहे. सेमिनरी हिल्सला डोंगर म्हटलं तर सह्याद्री हसेल. पण धुक्यात वाट काढायची सवय तिथंही लागते.

आधी पावलं. १०० मीटरची दोरी अंथरा, चाला आणि फक्त डावा पाय टेकला की मोजा. माझे सपाटीवर ६४ भरतात. सॅक, चढ आणि ओला मुरूम असला की ८० च्या वर. दोन्ही आकडे पाठ करा. मग डाव्या खिशात दहा चिंचोके. दर १०० मीटरला एक उजव्या खिशात. पावसात दात वाजत असताना ‘सातशे झाले की आठशे?’ हे डोकं सांगत नाही, खिसा सांगतो.

मग होकायंत्र. आपल्याकडे खरी उत्तर (नकाशावरची) आणि चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) यांत अंशभराचाही फरक नाही, म्हणून ती बेरीज-वजाबाकी सोडा. खरा घोळ करतं लोखंड. मोबाईलच्या कव्हरातलं चुंबकही सुई फिरवतं. कळसूबाईला, १,६४६ मीटरवर, जुलैच्या धुक्यात मी शिडीला टेकून दिशा घेतली. लोखंडी शिडी! शहाणपणाने निघालो आणि नवव्या चिंचोक्याला पुढची जमीनच संपली. वाचलो ते एवढ्यावर, की चुकीच्या का होईना, होकायंत्रावरच्या एकाच अंशाच्या आकड्याने सरळ चाललो होतो. त्यात १८० मिळवले आणि नऊ चिंचोके उलटे मोजत परत शिडीपाशी. आकडा १८० च्या वर असला तर वजा करायचे.

नकाशा घरीच वाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशात २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) सहसा उंचीत २० मीटरच्या अंतराने. म्हणजे १५ मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे गडप होऊ शकतो. रेषा नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. वाटेचे तुकडे पाडून प्रत्येकाची दिशा, अंतर, चढ-उतार आणि ‘ओढा लागला म्हणजे पुढे गेलात’ अशी खूण पेन्सिलने लिहा. शाईचा पेन नको, पहिल्याच सरीत निळा चिखल होतो. मोबाईलमध्ये नकाशा जरूर उतरवून ठेवा, पण ओल्या बोटांना स्क्रीन जुमानत नाही.

वीज चमकली की गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. ३० च्या आत ऐकू आलं तर माथा, धार, शिडी सोडून खाली. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही.

आणि थंडी. पंचेचाळीस डिग्रीत वाढलेल्या आपल्या लोकांना हे पटतच नाही. ओली जीन्स आणि वारा असला की जुलैतही माणूस गारठतो. सोबतचा अडखळत बोलून राहिला, चेन लावता येत नाही म्हणून चिडून राहिला, तर ‘चल बे, थोडंच राहिलं’ म्हणू नका. आडोसा, कोरडे कपडे, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा. माथा दुसऱ्या दिवशी.

रविवारी सकाळी सहाला सेमिनरी हिल्सवर. दोरी मी आणतो, चिंचोके आपापले आणा.