बोकड्याला न जुमानणारा, चवीला चांगला टोमॅटो: संकरापासून स्थिर वाणापर्यंत

महाराष्ट्रात टोमॅटोचा वाण घडवायला घेतला की पहिला विचार पर्णगुच्छ विषाणूचा, म्हणजेच बोकड्याचा. करप्यावर निदान फवारणी तरी आहे. बोकड्या आलेल्या झाडावर इलाज नाही, तो पसरवणारी पांढरी माशी मारत बसायचं एवढंच. उदाहरण म्हणून पुसा रुबी × अर्का रक्षक हा संकर घेऊ. पुसा रुबी हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा सरळ वाण, बोकड्याला बळी पडणारा. अर्का रक्षक हा बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा संकरित वाण, पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक.

मादी पुसा रुबीच ठेवा. कळी खुडताना चूक होऊन स्वपरागीकरण झालं, तर ती रोपं पुढे रोगाच्या चाचणीत आपोआप बाद होतात. प्रतिकारक झाड मादी घेतलं तर ही चूक कधीच उघडी पडत नाही.

कळी उद्या उमलणारी हवी: पाकळ्या निदलांच्या बाहेर डोकावलेल्या, रंग हिरवट-पिवळा. पूर्ण पिवळी कळी घेऊ नका, तिचे परागकोश आतून फुटलेले असू शकतात. दुपारनंतर बारीक टोकाच्या चिमट्याने परागकोशांच्या शंकूला एका बाजूने चीर द्या आणि पाकळ्यांसकट तो वर ओढून काढा. आतली कुक्षी वाकली किंवा खरचटली तर ती कळी सोडून द्या. दोन निदलं अर्धी कापून ठेवा. फळ पिकेपर्यंत हीच खूण टिकते, लेबलं वाऱ्याने उडतात. झाड बदलताना चिमटा स्पिरिटने पुसा.

परागकणांसाठी नर झाडाची पूर्ण उमललेली फुलं घ्या, परागकोश रात्रभर कागदावर कोरडे होऊ द्या आणि सकाळी बारीक चाळणीवर हलवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, कुक्षी त्या पिवळ्या भुकटीत टेकवा. एका घोसात दोन-तीनच संकर करा, बाकी कळ्या तोडा. दिवसाचं तापमान ३५ अंशांवर गेलं की पराग निकामी होतात. रात्र १३ अंशांखाली गेली तरी फळधारणा कमी होते. त्यामुळे आपल्याकडे संकराचं काम हिवाळ्यात, पण कडाक्याच्या थंडीचे दिवस टाळून.

फळ साधारण ५० दिवसांत पिकतं. गर पाणी न घालता २४ ते ३६ तास आंबवा. जास्त ठेवलं तर बी काळवंडतं, कधी गरातच फुटतं. धुतल्यावर १० टक्के ट्रायसोडियम फॉस्फेटच्या द्रावणात १५ मिनिटं बुडवा (बियाच्या सालीवर बसलेला मोझेक विषाणू त्याने जातो), पुन्हा स्वच्छ धुवा आणि सावलीत वाळवा.

यातली गोम अशी की नर स्वतःच संकरित आहे. प्रतिकाराचं जनुक त्याला एकाच पालकाकडून मिळालेलं असेल, तर आपल्या पहिल्या पिढीतल्या निम्म्याच रोपांत ते उतरेल. म्हणून पहिल्या पिढीचीही ३० रोपं तपासा. त्यासाठी कापसावर किंवा वांग्यावर वाढवलेली पांढरी माशी रोगट टोमॅटोवर २४ तास सोडा, मग दोन पानांवरच्या रोपांवर जाळीच्या पिंजऱ्यात आणखी २४ तास. सोबत पुसा रुबीची रोपं असलीच पाहिजेत. ती आजारी पडली नाहीत तर तुमची चाचणीच फसली, रोपं प्रतिकारक ठरली नाहीत. तीन-चार आठवड्यांनी पानांची वळण, पिवळेपणा आणि खुंटलेली वाढ पाहून ० (निरोगी) ते ४ गुण द्या. पिंजऱ्याची सोय नसेल तर उन्हाळी लागवडीत, पांढरी माशी भरपूर असताना, दर १० ओळींमागे एक ओळ पुसा रुबीची लावा आणि माशीवर फवारणी करू नका.

निरोगी झाडांपासून दुसरी पिढी घ्या, किमान २०० रोपं. इथेच बहुतेक लोक फसतात. जनुकाची एकच प्रत असलेलं झाडही निरोगी दिसतं, फार तर पानं किंचित वळतात. त्यामुळे निवडलेल्या प्रत्येक झाडाचं बी वेगळं ठेवून तिसऱ्या पिढीत प्रत्येकाची निदान १६ रोपं तपासा. सगळी निरोगी निघाली तर ते कुटुंब स्थिर धरायला हरकत नाही. एकच प्रत असलेलं झाड यातून निसटायची शक्यता सुमारे १ टक्का उरते. चौथा हिस्सा आजारी पडला तर ते कुटुंब अजून फुटतंय. जनुकचिन्हांची तपासणी करून देणारी प्रयोगशाळा हाताशी असेल तर हेच काम रोपवाटिकेतल्या पानावर होतं. बोकड्याच्या प्रतिकाराच्या जनुकांना टीवाय-१, टीवाय-२, टीवाय-३ अशी नावं आहेत; एकट्या टीवाय-२ वर भिस्त ठेवू नका, सगळ्या विषाणूंपुढे ते टिकत नाही; टीवाय-३ सोबत असलेलं बरं. ही जनुकं जंगली नातेवाइकांकडून आलेली, त्यामुळे शेजारचा नको असलेला भागही चिकटून येतो. फळ लहान किंवा बेचव होऊ लागलं तर पुसा रुबीशी एक-दोनदा पुन्हा संकर करा.

चवीची निवड तिसऱ्या पिढीपासून. त्याआधी एका झाडाच्या ब्रिक्सवर (रसातल्या साखरेच्या आकड्यावर) भरवसा ठेवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली, सारखी पिकलेली पाच फळं सकाळी तोडून रिफ्रॅक्टोमीटरवर मोजा. पाऊस किंवा जोरदार पाण्यानंतरचा आकडा कमीच येतो, तो धरू नका. ४.५ च्या खाली असलेली ओळ (एका निवडलेल्या झाडाची संतती) आम्ही सहसा पुढे नेत नाही. फळं मोजकी लागलेलं झाड गोड निघतं, तेव्हा ब्रिक्स उत्पादनाशेजारी लिहा. टिकाऊपणासाठी दहा फळं मोकळ्या ट्रेवर ठेवून रोज बोटाने दाबून पाहा. नारायणगावच्या व्यापाऱ्याला एकसारखं लाल, कडक फळ हवं असतं. पण देठाशी हिरवा खांदा असलेल्या फळांत साखर थोडी जास्त असते, म्हणून नुसत्या दिसण्यावर सगळे हिरवे खांदे बाद करू नका. पक्वता लांबवणाऱ्या रिन जनुकाने टिकाऊपणा येतो, रंग आणि चव मात्र जाते.

सूत्रकृमीचा प्रतिकारही हवा असेल तर दोन अडचणी: त्याचं जनुक सहाव्या गुणसूत्रावर टीवाय-१ आणि टीवाय-३ च्या जवळच आहे, त्यामुळे दोन्ही एकत्र आणायला जास्त रोपं लागतात, आणि जमीन २८ अंशांवर तापली की ते ढिलं पडतं.

वर्षाला दोन पिढ्या धरल्या तर सहावी पिढी तीन वर्षांत येते. मग तीन पुनरावृत्त्यांत पुसा रुबी आणि बाजारातल्या एका संकरित वाणाशेजारी तुलना करा, आणि प्रत्येक ओळीचं थोडं मूळ बी ८ टक्क्यांहून कमी ओलाव्यावर हवाबंद डब्यात राखून ठेवा.